जिवाणीचा जमाखर्च



आमच्या स्वाध्याय मंडळात एक प्रश्न वर्षातून एकदा तरी निघतोच. विहिरीचं पाणी गाळलं की जिवाणी त्याच विहिरीत सोडायची, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. पण नळाच्या पाण्याची जिवाणी सोडायची कुठे? कोणी म्हणतं टाकीत, कोणी म्हणतं आता ते कुठलं जमायला, नळाला गळणं बांधलं की झालं. प्रश्न बारीक वाटतो, पण त्याचं उत्तर द्यायचं तर नळाचं पाणी मुळात आलं कुठून हे आधी बघावं लागतं. आणि आपण कोल्हापूर, इचलकरंजी, शिरोळकडच्या बायका ते बघायला गेलो, की पंचगंगेच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात जाऊन पोचतो. आज तोच लिहिते आहे. थोडा लांबेल, सवडीने वाचा.

आधी नियमाची उजळणी करू. गळणं छत्तीस अंगुळं लांब, चोवीस अंगुळं रुंद, दुहेरी केलेलं आणि इतकं जाड की त्यातून सूर्य दिसू नये. गाळलेलं पाणी एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं चालतं. लवंग वगैरे घालून प्रासुक केलेलं दोन प्रहर, आणि चांगलं उकळलेलं चोवीस तास. हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचा भाग मात्र आपण घाईने उरकतो. गळण्यावर जे राहिलं, ते गाळलेल्या पाण्यानेच उलट बाजूने धुवायचं. ते धुवण नुसतं वरून विहिरीत भिरकवायचं नाही, कारण उंचावरून पडून जीव मरतात. त्यासाठी बुडाला कडी असलेली बादली असायची. ती पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची आणि मग दोरीला झटका देऊन हळूच पालथी करायची. शिवाय या विहिरीची जिवाणी त्या विहिरीत चालत नाही. गोड्या पाण्यातले जीव मचूळ पाण्यात जगत नाहीत, हे ज्यांनी नियम केला त्यांना पक्कं माहीत होतं.

म्हणजे नियमाला दोन अंगं आहेत. आपल्या पोटात काय जातं ते गळणं बघतं. आपल्याकडून पाण्यात परत काय जातं ते जिवाणी बघते.

पहिल्या अंगाबद्दल एक गोष्ट तुम्हाला आवडेल. बांगलादेशात तळ्यांचं आणि नद्यांचं पाणी पिणाऱ्या खेड्यांत पटकी, म्हणजे कॉलरा, फार. पटकीचा जंतू गळण्यातून सहज जाईल इतका लहान असतो, पण पाण्यात तो बऱ्याचदा डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्यांना चिकटून राहतो. रीटा कॉलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे बांगलादेशी सहकारी अन्वर हक यांनी तिथल्या बायकांना जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या करून त्यातून पाणी गाळायला शिकवलं. वापरून वापरून साडीचा धागा फुलतो आणि भोकं बारीक होतात, म्हणून साडी जुनीच हवी. ६५ गावांत हा प्रयोग झाला आणि २००३ साली निष्कर्ष छापून आला: पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी उतरलं. काही वर्षांनी ते पुन्हा बघायला गेले, तेव्हा तीनातली जवळजवळ एक बाई कोणी न सांगता अजून साडीने पाणी गाळत होती. आपल्या आज्या-पणज्यांनी हे जीवदयेपोटी केलं, तिथल्या बायकांनी आजारापोटी. फडकं तेच.

आता शेतीकडे येते. आपल्या समाजाला बाहेरचे लोक व्यापारी समजतात, पण कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातला जैन हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेतकरी आहे. भगवान आदिनाथांनी माणसांना जी सहा कर्मं शिकवली, असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प, त्यात कृषी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातल्या आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात ती कथा येते. त्यामुळे शेतीत हिंसा आहे म्हणून हात झटकून मोकळं होणं आपल्याला कधी जमलं नाही. शेती करायची आणि पृथ्वीकाय, अप्काय जीवांची हिंसा होईल तितकी कमी ठेवायची, ही आपली रीत.

ही रीत मोटेच्या काळात आपोआप सांभाळली जायची, कारण मोटेने माणूस उपसून उपसून किती पाणी उपसणार? बैल दमायचे. विहिरीखालचा मळा एक-दोन एकरांचा, तेवढ्यात ऊस आणि भाजीपाला. बाकी रानात शाळू, हरभरा, भुईमूग, तंबाखू, मिरची. उसाचा गूळ व्हायचा आणि कोल्हापूरच्या पेठेत जायचा. छत्रपती शाहू महाराजांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. ते स्वातंत्र्यानंतर पुरं झालं आणि पंचगंगेला उन्हाळ्यातही पाणी राहायला लागलं. नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. पावसाळ्यात बरगे काढायचे, पावसाळा सरला की घालायचे. मग वीज आली, जॅकवेल झाल्या, पाणीपुरवठा संस्था निघाल्या, सहकारी साखर कारखाने आले. दोन-तीन मैलांवरच्या रानात पाइपने नदी पोचली. बैल दमण्याचा प्रश्नच संपला.

या पैशावर आपल्या मुली शिकल्या, मंदिरांचे जीर्णोद्धार झाले, पंचकल्याणकं झाली. उसाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. शिरोळ तालुक्यात जन्मलेल्या कोणालाही ते शोभणार नाही.

पण इतिहास बघितला तर या पाण्याचं पुढे काय होणार, हे आपल्याच महाराष्ट्रात आधी दिसून चुकलं होतं. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी हा सरकारचा हेतू, पण कालव्याचं पाणी बघून लोकांनी ऊस लावला. पंचवीस वर्षांच्या आत बारामतीकडची काळी जमीन पांढरी पडायला लागली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक पुस्तिकाच लिहिली. १९१६ साली मुंबई सरकारने या पाणथळ आणि क्षारपड जमिनींचा अभ्यास करायला वेगळा विभाग काढला. खडकवासल्याला आज जी मोठी केंद्रीय जल संशोधन संस्था आहे, तिची सुरुवात त्या विभागापासून झाली. म्हणजे शिरोळला पहिली जॅकवेल बसण्याच्या कितीतरी आधी नीरेकाठचे शेतकरी या दुखण्यातून गेले होते. नीरेपासून कृष्णा तशी फार लांब नाही, पण ते ज्ञान इकडे यायला अर्धं शतक लागलं, आणि आलं तेही जमिनी पांढऱ्या पडल्यावर.

जमीन पांढरी का पडते, हे मला समजलं ते हिशोबाच्या वहीसारखं मांडल्यावर. शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे डोकं तसंच चालतं. नदीच्या किंवा विहिरीच्या गोड पाण्यातही थोडं मीठ विरघळलेलं असतं. एका लिटरला अर्धा ग्रॅम धरू. उसाला मोकळं पाटपाणी दिलं तर वर्षाला एकरी निदान ८० लाख लिटर पाणी जातं. म्हणजे ४० लाख ग्रॅम, म्हणजेच ४,००० किलो मीठ एका एकरात एका वर्षात जमा! आता खर्चाची बाजू बघा. ऊस पाणी पितो आणि पानांतून हवेत सोडतो, पण त्यातलं मीठ जवळजवळ सगळं मागेच टाकतो. उन्हाने पाणी उडतं, मीठ उडत नाही. पावसाने ते धुऊन खाली निघून गेलं तर खातं जुळतं. पण कृष्णा-पंचगंगेकाठची जमीन काळी, खोल आणि सपाट. पाणी खाली झिरपायला वेळ लागतो, वरून दर आठ-दहा दिवसांनी नवीन पाणी येतंच असतं. खालची पाणीपातळी चढत चढत मुळांपर्यंत येते, आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं खालचं खारं पाणी वर चढतं. वर आलं की पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं.

पहिल्यांदा उगवण कमी होते. ठिकठिकाणी टक्कल पडल्यासारखं रान दिसतं. शेतकऱ्याला वाटतं खत कमी पडलं, तो आणखी एक पोतं युरिया टाकतो. मग सकाळच्या वेळी माती मिठासारखी पांढरी दिसायला लागते. त्यात सोडियम जास्त झालं की मातीचे कण एकमेकांना सोडून देतात, भोकं बुजतात, जमीन चोपण होते. ओली असताना चिखल आणि वाळल्यावर वीट. त्यात गांडूळ राहत नाही, मुळी जात नाही, पाणी मुरत नाही. शिरोळ तालुक्यात अशी हजारो एकर जमीन पडीक झाली. सात-बाऱ्यावर बागायत आणि प्रत्यक्षात वेडी बाभळ. त्या जमिनीवर ज्यांचे संसार होते त्या घरांतल्या बायकांनी दुसऱ्याच्या बांधावर भांगलायला जायला सुरुवात केली, हे आपल्यातल्या कितीजणींनी पाहिलं आहे.

हे झालं रानाचं. आता नदी.

पंचगंगा कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांची मिळून होते असं मानतात. प्रयाग चिखलीपासून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळेपर्यंत तिची वाट तशी लहानच आहे, पण तेवढ्यात तिने किती झेलावं! सुरुवातीलाच कोल्हापूर शहर. जयंती नाल्याने शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं नदीत येत राहिलं. कसबा बावड्याला दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर पाणी स्वच्छ करणारा प्रकल्प उभा राहायला या शतकातलं दुसरं दशक उजाडावं लागलं. खाली इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला, आणि त्या वेळच्या जहागिरीचं ते गाव महाराष्ट्राचं मँचेस्टर झालं. माग आले, मागोमाग सायझिंग आलं, मग कापड धुणारे, ब्लीच करणारे, रंगवणारे प्रोसेस आले. कॉस्टिक सोडा, मीठ, रंग. कापड पांढरं होताना पाणी काळं होतं, हे धुणं धुणाऱ्या कुठल्याही बाईला सांगायची गरज नाही.

तिसरी भर साखरेची. उसाच्या रसातून साखर काढल्यावर मळी उरते. मळीपासून मद्यार्क काढला की एका लिटरमागे आठ ते पंधरा लिटर काळपट सांडपाणी उरतं. ते विषारी रसायन असतं असं नाही, ते नुसतं फार 'जड' असतं. त्यातली घाण कुजवायला पाण्यातला प्राणवायू लागतो, आणि शहरी गटाराच्या पाण्यापेक्षा या पाण्याला तो शेकडो पट लागतो. असं पाणी थोडंसं जरी बंधाऱ्यामागच्या साचलेल्या पाण्यात आलं, तर मासे श्वासासाठी पाण्यावर तोंडं काढतात आणि मरतात. शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्यावर असे मेलेल्या माशांचे खच आपण वर्तमानपत्रात कितीदा बघितले आहेत. मुळात बंधारा पाणी राखण्यासाठी होता. वरचं पाणी घाण झालं तेव्हा तोच घाण राखायला लागला. शेतातून वाहून आलेलं युरिया-फॉस्फेट खाऊन केंदाळ माजतं, नदी हिरव्या गालिच्यासारखी दिसते आणि खालचं पाणी आणखी गुदमरतं. पाणी प्रदूषणाचा केंद्राचा कायदा १९७४ सालचा आहे. म्हणजे नदी घाण करू नये हे कागदावर पन्नास वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे.

हे पाणी माणसाच्या शरीरात गेलं की काय होतं, हे समजून घ्यायला एकदा दिल्लीला जावं लागेल. १९५५ च्या अखेरीस यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगडच्या नाल्याचं सांडपाणी उलटं, शहराचं पाणी उचलतात त्या वजिराबादच्या ठिकाणापर्यंत आलं. अधिकाऱ्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवलं. त्यामुळे विषमज्वर, हगवण वाढली नाही. पण पाच-सहा आठवड्यांनी सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जंतू मेले, पण त्याहून लहान असा काहीतरी विषाणू निभावून गेला होता. तो कोणता, हे कळायला जवळजवळ तीस वर्षं गेली. आज त्याला हिपॅटायटिस ई म्हणतात. तो घाण पाण्यातून पसरतो, आणि त्याची सर्वांत मोठी मार गर्भवतीला बसते. शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झालेल्या शंभर बायकांतल्या वीस-पंचवीस दगावू शकतात. घरात सगळ्यांनी एकाच माठातलं पाणी प्यावं, सासऱ्यांना आठ दिवस अंगावर पिवळेपणा यावा, आणि दिवस भरत आलेली सून हाताला लागू नये, अशी ही कावीळ.

तीच १९८१ साली आपल्या कोल्हापूर शहरात आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्या साथीचा अभ्यास केला आणि ती पाण्यातून पसरल्याचं दाखवलं. २०१२ च्या उन्हाळ्यात ती इचलकरंजीत आली. हजारो माणसं आजारी पडली, कितीतरी घरांतली माणसं गेली. त्या महिन्यांत इचलकरंजीत ज्यांच्या लेकी बाळंतपणासाठी माहेरी आल्या होत्या, त्यांनी काय दिवस काढले असतील ते त्याच जाणोत.

आता आपल्या गळण्याकडे परत या. साडीच्या घड्या किंवा आपलं दुहेरी गळणं पटकीच्या किड्याला अडवतं. कावीळीचा विषाणू त्यातून सहज निघून जातो. त्याला मारतं ते उकळणं. आपल्या मुनिमहाराजांना आणि आर्यिका माताजींना आपण जे उकळलेलं प्रासुक पाणी देतो, तेच पाणी साथीच्या दिवसांत गरोदर सुनेलाही द्यायला हवं. व्रत कोणाचं आहे आणि कोणाचं नाही हा प्रश्न तिथे येत नाही. पाणी खदखदून उकळलं पाहिजे, नुसतं कोमट करून भागत नाही.

पण उकळूनही न जाणारी एक गोष्ट आहे, आणि ती थेट आपल्या रानातून येते. युरियातला निम्मा नत्रही पिकाला मिळत नाही. बराचसा नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली विहिरीत आणि बोअरमध्ये उतरतो. त्याला रंग, वास, चव काही नाही. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली नावाच्या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरींच्या पाण्यात कालवलेलं दूध पाजलेली तान्ही बाळं निळी पडताना बघितली आणि त्याचं कारण शोधून काढलं. नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतो असं मानक आहे. पाणी उकळलं तर तो कमी होत नाही. उलट पाणी आटतं आणि उरलेल्यात तो वाढतो. म्हणून मळ्यात राहणाऱ्या घरांनी, ज्यांच्या बाळाला वरचं दूध आहे त्यांनी, बोअरचं पाणी एकदा तपासून घ्यावं. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला ही भीती नसते.

मग घरोघरी आरओ आले. त्याची बारीक जाळी मीठ, नायट्रेट, विषाणू सगळं अडवते, हे खरं आहे. पण त्याच्यामागे एक नळी असते, तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर खारं पाणी त्या नळीतून मोरीत जातं. मोरीतून गटारात, गटारातून ओढ्यात आणि पुन्हा नदीत. आमच्या घरी मी ते बादलीत धरते आणि फरशी पुसायला, संडासला वापरते. झाडांना रोज घालत नाही, कुंडीतली मातीही चोपण होते.

शहरांनी जे केलं तेही आरओसारखंच. नदी सुधारायला वेळ लागणार म्हणून पाणी दुसरीकडून आणायचं. पंचगंगेच्या काठावर असूनही इचलकरंजीने आधी मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणलं. ते पुरेना म्हणून दानोळीहून वारणेचं आणायचं ठरलं, तेव्हा दानोळीचे गावकरी रस्त्यावर बसले. मग सुळकूडहून दूधगंगेचं ठरलं, तेव्हा कागलकडचे उठले. कोल्हापूरने काळम्मावाडीच्या धरणातून थेट पाइपलाइन टाकली आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आलं. दानोळीत आपल्या समाजाची घरं पुष्कळ आहेत, इचलकरंजीतही आहेत. एकीचं माहेर दानोळी आणि सासर इचलकरंजी, अशा बाईने कोणाच्या बाजूने बोलावं? पाणी मागणारीलाही तहान खरी आहे, आणि नाही म्हणणाऱ्याला भीतीही खरी आहे. दानोळीच्या माणसाने पंचगंगेचं काय झालं ते आपल्या डोळ्यांनी बघितलं आहे. इचलकरंजीला पाणी दिलं की वापरून झाल्यावर ते पंचगंगेतच जाणार, हेही त्याला कळतं.

शेतीच्या बाजूला मात्र गेल्या काही वर्षांत एक चांगलं काम झालं आहे, ते सांगायलाच हवं. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन क्षारपड जमिनीखाली निचरा पाइप टाकले. जमिनीत चार-पाच फूट खोल, ठरावीक अंतराने, भोकं असलेले पीव्हीसी पाइप घालतात. माती आत जाऊन भोकं बुजू नयेत म्हणून पाइपभोवती एक जाळीदार कापड गुंडाळलेलं असतं. पहिल्यांदा त्याचा फोटो बघितला तेव्हा मला हसूच आलं, जमिनीलाही शेवटी गळणं बांधावं लागलं म्हणून. खारं पाणी त्या पाइपातून मोठ्या पाइपात आणि तिथून ओढ्याला जातं. पावसाने वरची माती धुतली जाते, चोपण असेल तिथे जिप्सम टाकतात, ताग-धैंचा गाडतात, आणि दोन-तीन वर्षांत जिथे वेडी बाभळ होती तिथे पुन्हा पीक येतं. ही कामं एकट्यादुकट्याने होत नाहीत. पाण्याची वाट खालच्या शेतकऱ्याच्या रानातूनच जाते, त्यामुळे भाऊबंदकीत वीस वर्षं न बोलणाऱ्यांनाही एका बैठकीत बसावं लागलं. पैसा शेतकऱ्यांनी घातला, काहींनी कर्ज काढलं. तीस वर्षं पडीक पडलेल्या रानात ऊस उभा राहिलेला म्हाताऱ्या माणसांनी बघितला. यात बहुतेक जण ठिबकवर गेले आहेत, कारण पाटपाण्याने पुन्हा तेच होणार हे त्यांना आता वेगळं सांगावं लागत नाही. ठिबकने पाणी निम्म्यावर आलं तर वरच्या माझ्या हिशोबातलं वर्षाचं मीठही ४,००० वरून २,००० किलोवर येतं.

राहता राहिलं ते ओढ्याला सोडलेलं खारं पाणी. ते कृष्णेत जातं. पंचगंगेचं जे काही असेल तेही वाडीला कृष्णेतच जातं. शिरोळ तालुक्यात राजापूरचा बंधारा हा कृष्णेवरचा आपल्याकडचा शेवटचा. बरगे घातलेले असतात तोवर ते पाणी तिथे थांबतं. पावसाळ्यात बरगे निघाले की बंधाऱ्यापलीकडे कर्नाटक. जुगूळ, उगार, कुडची. तिकडेही काठावर आपलीच घरं आहेत, आपल्या कितीजणींच्या लेकी तिकडे दिल्या आहेत, आणि सकाळी उठून त्या नळाला गळणं बांधतात.